बाजारातलं परकं पिल्लू

"थांबा, आधी जनावराले बोलू द्या," असं म्हणत ती हाताचा पंजा वर करायची आणि माझा रंगात आलेला सौदा तिथंच अडायचा. आमच्या गल्लीच्या टोकाला चार बकऱ्या पाळणारी ही म्हातारी बकऱ्यांच्या बाजारात नेमकी माझ्याच शेजारी येऊन बसे. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. यांचा फायदा कशात आहे ते कळत नाही, म्हणून मी त्यांना वचकून असतो.

आणीबाणीच्या आधीचं वर्ष. मी एक दुभती बकरी पिल्लासकट ठरवत होतो. विकणारा तिच्या तोंडाशी सारखा पाला धरत होता. पिल्लू ओरडत होतं.

"भाऊ, जरा त्या पिल्लाचं आयका," म्हातारी म्हणाली.

"तू मधात काहून बोलून राहिली वं? तुलेच पाहिजे का बकरी?" मी खेकसलो.

ती पिल्लाकडेच बघत राहिली. माझा संशय पक्का झाला. मी घाईनं सौदा उरकला.

घरी येताच बकरीनं पिल्लाला लाथ मारली. नवी जागा आहे, रुळेल, असं मी म्हटलं. संध्याकाळी म्हातारी दारात.

"भाऊ, हिचं नाही ते. ताजी व्यालेली दिसावी म्हणून दुसरीचं बांधलं. आपलं असतं तं पहिल्या हाकेलेच वळली असती. द्या माझ्याकडे, पाजते."

"फुकटात पिल्लू पाहिजे, असं सरळ सांग न!"

"रडून राहिलं तोवर ठीक. चूप झालं का आणा," म्हणून ती गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पिल्लू गप्प झालं. रुळलं एकदाचं, असं मी बायकोला ऐटीत सांगितलं. ती बघून आली. "अवो, तोंड उघडते, पण आवाज नाही निघत."

पिल्लू पोटाशी धरून मीच धावलो. म्हातारीनं आपल्या बकरीचं दूध काढून त्याच्या पाठीला, शेपटीला चोळलं. बकरीनं हुंगलं, परत हुंगलं आणि पाय फाकवून उभी राहिली. बराच वेळ काहीच नाही. मग पिल्लाचं शेपूट भराभर हलू लागलं.

"उतरलं दूध," म्हातारी म्हणाली.

"बाजारातच सरळ काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही आयकलं असतं का, भाऊ?"

ऐकलं नसतं. पण तिनं सांगायला हवं होतं, हे माझं म्हणणं आजही कायम आहे.

पिल्लू ती परत करणार नाही, याची मला खात्री होती. दूध सुटल्यावर तिनं ते न मागता माझ्या दाराशी आणून बांधलं.

पुढच्या उन्हाळ्यात ती तापानं गेली. माणसं तिला घेऊन गेली आणि तिच्या चारही बकऱ्या एकदम ओरडू लागल्या. भूक असेल म्हणून मी पाला टाकला. एकीनंही तोंड लावलं नाही. पाणी ठेवलं, दोर सैल केले. त्या माझ्याकडे बघत ओरडतच राहिल्या.