सभेच्या वेळी पाणी सुटलं

पाण्याच्या त्या सभेत प्रश्न मी विचारावा, असं घरमालकीणकाकूंनीच ठरवलं. मी सातवीत शाळा सोडलेली, कोकणातून इतक्या लांब आलेली, औरंगपुऱ्यात एका लेडीज टेलरकडं फॉल-पिकोला बसणारी. म्हटलं, "काकू, एवढी माणसं बघून मला घाम फुटतो."

"फुटू दे. आमची तोंडं त्यांना पाठ झालीत. तू नवी हाय, कान तरी देतील."

त्यांना नाही म्हणणं मला जमत नव्हतं. ओळखपाळख नसताना त्यांनी खोली दिली, तापात उशाशी बसून खिचडी भरवली. आणि आता त्यांची सून पोटुशी, कावीळ होऊन दवाखान्यात पडली होती. आमच्या गल्लीची पाइप गटारातून जाते, नळाला आधी काळं पाणी येतं. ती पाइप बदला, एवढंच मागायचं होतं. मशीनवर बसून मी ते दिवसभर घोकलं.

सभा मंगल कार्यालयात होती. मंचावर नगरसेवक, पाणीपुरवठ्याचे साहेब आणि सभा भरवणारे एक निवृत्त मास्तर. समोरच्या रांगा आमच्या गल्लीनं धरलेल्या, मागं दुसऱ्या वॉर्डांची माणसं. ज्यांना जाब विचारायचा त्यांचेच आधी सत्कार झाले. शाल, नारळ, फोटो. ते संपतायत तोवर बायकांचे फोन वाजायला लागले.

"पाणी सोडलं म्हनं!"

"आत्ता? आपली पाळी तर परवा हाय."

"लाइनमन पाण्याचा व्हॉल खोलून गेला. चला!"

पाळी चुकली की पुढची येईपर्यंत घर कोरडं. खुर्च्या सरकल्या. एकजण जाता जाता म्हणाली, "साहेब काय पळून जात नाय बाई, पाणी जातंय!" काकूंनी माझ्याकडून खोलीची चावी घेतली. "तुझे बी ड्रम भरते. तू हालू नको."

माझं नाव पुकारलं तेव्हा पुढच्या रांगांत मी एकटी होते. मी माइक हातात घेतला.

"आमच्या गल्लीत पाणी..."

"ताई, गल्ली कुठंय तुमची?" नगरसेवकांनी हसत विचारलं.

"पाणी भरायला गेली."

मागं हशा पिकला. "मग येतंय की पाणी!"

वास, गटार, काकूंची सून, सगळं मी सांगितलं, पण एकात एक अडकत गेलं. मास्तर म्हणाले, "साहेब, उत्तर द्या त्यांना."

"एकट्या बाईच्या तक्रारीवर रस्ता खोदता येत नाही. रहिवाशांची मागणी पाहिजे."

"आत्ता इथंच होते सगळे."

"आता नाहीत ना? बरं, नोंद घेतो."

माझ्या तोंडून सवयीनं "आभारी आहे" निघून गेलं. मग पुढच्या वॉर्डाला बोलावलं.

व्हॉल मुद्दाम खोलला की चुकून, मला आजही माहीत नाही. लोक थांबले असते तरी पाइप बदलली असती, असंही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

घरी आले तर काकू पदर खोचून माझ्या दारात उभ्या, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली. "काय म्हनले?"

"नोंद घेतली."

त्या आत वळल्या. ड्रमचं झाकण उचलून वाकल्या. "आज वास कमी हाय, नाय का?"

मीही वाकले. कमी नव्हता.

"हो," मी म्हणाले.

"मग उकळायला ठेव एक पातेलं. सुनंला डब्यासोबत न्यायचंय."

मी गॅस पेटवला.