फक्कीने काढलेला एच

काल शाळेच्या मैदानावर पांढऱ्या फक्कीने भला मोठा एच काढला होता. धूळ उडू नये म्हणून टँकरने पाणी मारलं होतं. नदीपलीकडच्या गावाहून नवरदेव हेलिकॉप्टरने येणार होता. ते गाव इथून दिसतं, मध्ये पूल आहे, आणि तरीही हेलिकॉप्टर!

ते उतरलं तसा मांडव फडफडला, टोप्या उडाल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मला मात्र हेलिकॉप्टर घडवू पाहणारे ते पहिले खटपटे लोक आठवले. विमानं उडू लागली होती, तरी जागच्या जागी सरळ वर उठणारं यंत्र करायचंच, म्हणून ते हटून बसले. त्यांची यंत्रं स्वतःभोवती गरगरायची, उलटायची, मोडायची. लोक हसायचे. पण जिथे धावपट्टी नाही तिथल्या माणसापर्यंतही पोचता आलं पाहिजे, हे वेड काही सुटेना. त्यांनी हाडं मोडून घेतली ती काय या वरातीसाठी?

"काय थाट आहे!" शेजारी उभे असलेले सरपंच म्हणाले.

मला राहवलं नाही. "आबा, मागच्या पुरात पूल पाण्याखाली होता आणि माझी वहिनी बाळंतपणात अडली होती. तेव्हा हेच मागितलं होतं ना आपण? वाट बघत गेली ती."

सरपंचांनी मान खाली घातली. "अहो, मी काय करणार? गावात उतरायला जागा नाही, असं वरून कळवलं होतं."

हे मैदान तेव्हाही इथेच होतं. आणि कोरडं होतं.