बारा वाजताचं जेवण

रविवारी दुपारी बारा वाजता स्वयंपाकघरात डोकावलो, तर बायको एकटीच जेवत होती. वजनासाठी मी सकाळचं खाणं सोडलं, तेव्हा सोबत म्हणून तिनेही सोडलं. बाराला आम्ही एकत्र जेवायचो. दिवाळीच्या फराळात माझा नेम मोडला आणि सकाळच्या चहाबरोबर पुन्हा खारी सुरू झाली, त्यामुळे बाराला मला भूकच नसायची. तिचा नेम मात्र चालूच होता, हे मला इतके दिवस दिसलं नाही.

“बोलायचंस तरी,” मी म्हणालो.

“काय बोलू? पोट तुमचं, जीभही तुमचीच,” ती हसली. “बसा, ताक देते.”

दिवाळीनंतर माझ्या वाढलेल्या तीन किलोंपेक्षा तिच्या समोरची रिकामी खुर्ची मनाला जास्त लागली.

“उद्यापासून सकाळी काही नको,” मी म्हणालो.

“बघू,” ती म्हणाली आणि पुढचा घास एकटीनेच घेतला.