आर्लिसने न केलेली सही

आमच्या डुलुथच्या बुटांच्या कंपनीत आर्लिस टोर्गरसन दिवसभर खरेदी करते. पगार घेऊन. वेबसाइटची एक चाचणीची प्रत असते, तिच्यात जाऊन ती बूट निवडते, पत्ता घालते, खोट्या कार्डाने पैसे भरते आणि परत पहिल्यापासून सुरू करते. अकरा वर्षं झाली. वय एकसष्ट, दृष्टी एकोणिसाव्या वर्षी गेलेली. माउसला ती हात लावत नाही. टॅबची कळ दाबत एकेका रकान्यातून पुढे सरकायचं आणि पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा प्रोग्रॅम कानात ऐकायचा, हे तिचं काम. तो प्रोग्रॅम तिने इतका भरधाव ठेवलाय की पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंचं मशीन बिघडलंय. मी तसं सांगितलंही, आणि जरा हळू करून देऊ का म्हणून विचारलं. त्यावर ती म्हणाली होती, "तू फ्लडवूडचा ना? मग हळू कर म्हणतोस त्यात तुझा दोष नाही."

फ्लडवूड म्हणजे तासाभरावरचं खेडेगाव. माझ्या शाळेत शेवटच्या वर्गात आम्ही एकोणीस जण होतो, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आमच्याकडे नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या सोमवारी दुपारी बारा वाजता वेबसाइटला कुलूप लागतं. नाताळच्या विक्रीत काही मोडू नये म्हणून त्यानंतर जानेवारी उजाडेपर्यंत स्वल्पविरामसुद्धा कुणी हलवायचा नाही. नवीन काही घालायचं असेल तर ते त्याच्या आत, आणि त्यासाठी एका कागदावर आर्लिसची सही लागते. "हे सगळ्यांना वापरता येतं," असं त्या कागदावर छापलेलं आहे. त्याखाली एक चौकट आहे, माहीत असलेल्या त्रुटींची. दरवर्षी आर्लिसने ती चौकट भरून सही करायची, आणि साहेबांनी "जानेवारीत नक्की दुरुस्त करू" म्हणायचं. जानेवारीत दुसरंच काहीतरी तातडीचं निघतं. अकरा वर्षांच्या अकरा चौकटी तिच्याकडे जपून ठेवलेल्या आहेत. काही त्रुटी तिसऱ्यांदा आलेल्या.

यंदाचं पैसे भरायचं नवं पान मी केलं होतं. तीन महिने लागले. कुलपाच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी तिने मला बोलावलं.

"पैसे भरायचं बटण दाबलं. पुढे काय झालं?"

"काय झालं?"

"तेच तुला विचारतेय. मला काहीच ऐकू आलं नाही."

मी तिच्या खांद्यावरून डोकावलो. "कार्डाची मुदत भरायची राहिलीय तुमची. हे काय, लाल अक्षरांत लिहिलंय की."

"लाल," ती म्हणाली. "छान. गडद आहे की फिकट?"

"पण मी तुमच्याच प्रोग्रॅमने तपासलं होतं, आर्लिस. दोनदा."

"पडदा चालू ठेवून?"

"अर्थात."

"कान प्रोग्रॅमकडे आणि डोळे पडद्यावर. प्रोग्रॅम अडखळला की डोळे पुढचं सांगतात, आणि तुम्हाला वाटतं ऐकून कळलं. तुझ्या जागी आधी सहा जण होऊन गेले, सहाही जणांनी हेच केलं. ये, बस."

तिच्या टेबलावर पडदा आहे तो आमच्यासारख्यांच्या सोयीसाठी. तो तिने बंद केला, प्रोग्रॅम माझ्यासाठी गोगलगाईच्या चालीवर आणला आणि म्हणाली, "दहा नंबरचे काळे बूट घेऊन दाखव."

बूट टोपलीत पडले. पत्ताही घातला गेला. मग माझंच पान आलं. कार्डाच्या नंबराचे मी चार सुंदर चौकोन केले होते. चार आकडे झाले की आपोआप पुढच्या चौकोनात उडी. कानात नुसतं "रिकामं, रिकामं" येत राहिलं. मी कुठल्या चौकोनात आहे ते कळेना. मुदतीसाठी केलेलं कॅलेंडर तर माउसशिवाय उघडतच नव्हतं. पंधरा मिनिटांत पैसे भरले गेले नाहीत म्हणून टोपली आपोआप रिकामी झाली. तेही मला आर्लिसनेच सांगितलं, कारण माझ्या पानाने सांगितलं नाही.

"मग लोक काय करतात?" मी विचारलं.

"कुणालातरी हाक मारतात. मागे अशाच एका पानापायी मी चार वर्षं माझ्या वहिनीला कार्ड देत होते. चांगली आहे बिचारी. पण मी काय घेतलं, कितीला घेतलं, हे रविवारी चर्चमधल्या कॉफीच्या आधी सगळ्यांना ठाऊक."

दुरुस्तीला दोन आठवडे तरी हवे होते. हातात शनिवार-रविवार होता.

सोमवारी दहा वाजता आमचे साहेब, मार्लन, कागद घेऊन आले. आर्लिसची आणि त्यांची ओळख जुनी, दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलेले.

"चौकटीत लिही आणि सही कर," ते म्हणाले. "जानेवारीत नक्की."

"नाही करत."

"चिडू नकोस, आर्लिस."

"चिडायला जोर लागतो, मार्लन. मी दमलेय. आजवर दमले म्हणूनच सही करत आले. आता सही करायचाही कंटाळा आलाय."

"न दिसणारी गिऱ्हाइकं अशी किती आहेत आपली?"

"किती उरतील ते विचार. या नव्या पानावर पैसे कुठे भरता येणार त्यांना?"

मार्लननी सुस्कारा टाकून माझ्याकडे पाहिलं. "तुझं पान आहे. तूच समजाव हिला."

खरं सांगायचं तर बुधवारी माझ्या पानाच्या नावाने केक कापायचं ठरलं होतं आणि मी आईला कळवूनही बसलो होतो. माझ्या मनात चौकटीत लिहायचं वाक्य तयार होतं. पण तोंडातून निघालं ते असं: "मी शुक्रवारी बूट घ्यायला बसलो होतो, मार्लन. मिळाले नाहीत."

"म्हणजे?"

"म्हणजे पान चालत नाही."

कंपनीच्या वकिलांचाच नियम होता, सहीशिवाय काही पुढे जायचं नाही. बाराला कुलूप पडलं आणि जुनं पान जागेवर राहिलं. ते करड्या रंगाचं, माझ्या आधीच्या कुणीतरी केलेलं, बघवत नाही असं. पण प्रत्येक रकान्याला नाव आहे, आणि चूक झाली की ते बोलतं. केक रद्द झाला. मार्लन दोन दिवस माझ्याशी फक्त तळ्यावरच्या बर्फाबद्दल बोलले. आमच्याकडे माणूस रागावला की असाच हवापाण्यावर येतो.

"जिंकलात की," मी आर्लिसला म्हणालो.

"काय जिंकले? काल भरता येत होतं, आजही येतंय. तेवढंच." तिने हेडफोन काढून कपाळ चोळलं. "तुझं पान टाकून नको देऊ. जानेवारीत ते पुन्हा येणारच. मला तेव्हा भांडायचं नाहीये."

म्हणून डिसेंबरभर रोज सकाळी नऊ ते दहा मी माझा पडदा बंद ठेवतो आणि तिच्या शेजारी बसून एक जोड घ्यायला बघतो. चार चौकोनांचा आता एकच रकाना झालाय. मुदतीचा महिना ऐकून भरता येतो. काल वर्षापाशी अडकलो, बराच वेळ खुडबुड केली, आणि सवयीने नजर काळ्या पडद्याकडे गेली.

"तिकडे काही नाहीये," आर्लिस म्हणाली. तिला कसं कळलं कुणास ठाऊक. "चल, पहिल्यापासून."