मी खाडी हलवली

कुणाच्या हातून कप फुटतो, कुणाच्या हातून दूध उतू जातं. माझ्या हातून अख्खी खाडी हलली! हसू नका. चहा घ्या आणि ऐका, कारण या भानगडीत माझ्या सासऱ्यांचं घर बुडता बुडता वाचलंय.

आमचा जोह्याला गणपतीचा कारखाना. बाप्पा गेले की महिनाभर हात रिकामे. आणि माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. रिकामा बसलो की चौकशा सुरू!

रोह्याला माझा एक मित्र भूगोल शिकवतो. त्याच्याकडे गेलो असताना त्याने दोन नकाशे दाखवले. एक, देश स्वतंत्र झाल्यावर थोड्याच वर्षांत काढलेला, दुसरा हल्लीचा. पेणच्या खाडीकाठचे. जुन्यात काय नव्हतं! खाडीच्या निळ्या रेघा, खारं पाणी अडवणारे बांध, चौकोन चौकोन मिठागरं. आज तिथे काय आहे? कुठे कोळंबीचे तलाव, कुठे नुसता चिखल. आणि दोन्हींत मधोमध एका देवळाचा ठिपका. अहो, ते माझ्या सासुरवाडीचं देऊळ!

झालं, माझं डोकं फिरलं. तेव्हा खाडी गावाच्या किती जवळ होती? सरकली का? कुठे सरकली? मित्राच्या हातापाया पडून दोन्ही नकाशे घरी आणले.

युक्ती सोपी. जुना नकाशा खिडकीच्या काचेला चिकटवला, वर ट्रेसिंग पेपर लावला आणि फक्त खाडी, बांध नि देवळाचा ठिपका उतरवला. नावं कशाला? उगाच गर्दी! मग कागद काढला, टेबलावर उलटला आणि नव्या नकाशावर ठेवला. ठिपक्यावर ठिपका बसवला आणि बघतो तर काय? आज खाडी गावाच्या मावळतीला, आणि जुन्या नकाशात उगवतीला!

माझ्या अंगावर काटा आला. खाडीने कूस बदलली होती, आणि जगात हे फक्त मला ठाऊक होतं!

बायको, म्हणजे शैला, म्हणाली, "अहो, पण बाकीचे बांध कुठे जुळतायत?"

"जुळत नाहीत हाच तर शोध आहे! जितकं जुळत नाही, तितका बदल!"

या वाक्यावर मी स्वतःच इतका खूश झालो, की दुसऱ्याच दिवशी शैलाला घेऊन सासुरवाडीला.

तिथे सासरे, म्हणजे आमचे मामा, घर बांधायच्या तयारीत. जन्मभर मिठागरात राबलेला माणूस. गळक्या कौलांखाली संसार काढला, आणि आता कुठे पक्क्या घराचा योग आला होता. जागा गावाच्या उगवतीला, रस्त्याकडेची. विटा पडलेल्या, गवंडी ठरलेला, मुहूर्त तोंडावर.

मी ओटीवर नकाशे पसरले. "मामा, तुमच्या जागेवर खाडी होती."

मामांचा चेहरा उतरला. "काय सांगतोस? आमच्या आज्यापासून तिथं भात हाय रं."

आता गंमत ऐका. शेजारचे पांडूतात्या पुढे झाले, नकाशावर वाकले आणि म्हणाले, "व्हय, व्हय! मी ल्हानपणी तिथं चिंबोऱ्या धरल्यात."

"तात्या, नक्की?" मी विचारलं.

"नक्की म्हंजे? एक चावली बी हुती!" खेकड्याने चावलेलं बोट त्यांनी दाखवलं.

एवढ्यात शैलाची नानीआत्या आली. "अगो शैले, माझी सासू सांगायची, तिथल्या चिंचेला होडी बांधायचे."

आता सांगा, माझ्यासारख्याने काय करायचं? नकाशा म्हणतोय, तात्यांचं बोट म्हणतंय, चिंच म्हणतेय! संध्याकाळपर्यंत अर्धं गाव ओटीवर. जो तो विचारतोय, "माझं घर पाण्यात हाय का नाय?" आणि मी डॉक्टरसारखा एकेकाला तपासून सांगतोय. "तुमचं थोडं आहे. तुमचं नाही. तुमचं... जपा!"

मामा रात्रभर बसून राहिले. सकाळी म्हणाले, "पाया चिखलात जायला नको. मावळतीचा तुकडा हाय, बांधाच्या आत. तुझ्या कागदात तिकडं कोरडं हाय ना?"

"खडखडीत!" मी म्हणालो.

विटा उचलल्या. पायाचे चर तिकडे खणले. आणि अमावास्येचं उधाण आलं. बांधाला काही झालं नाही, पण चरात खालून पाणी भरायला लागलं. मामांनी बोट बुडवून जिभेला लावलं.

"खारट," ते म्हणाले. माणूस चिडला असता तर बरं वाटलं असतं हो! ते नुसते आपल्या घराच्या चराकडे बघत राहिले, आणि मला धरणी दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

घरी येऊन मी पुन्हा कागद काढला. म्हटलं, आधी जुन्या नकाशाशी ताडून बघू. ठेवला. बसेना! अहो, ज्या नकाशावरून उतरवला त्याच्यावरच बसेना! खाडी सरकेल एक वेळ, पण पिशवीत ठेवलेला नकाशा कसा सरकेल?

मी फिरवून बघितला, तिरका करून बघितला. शेवटी शैलाने कागद माझ्या हातातून घेतला, पालथा केला आणि ठेवला. खाडीवर खाडी, बांधावर बांध, केसभरही इकडेतिकडे नाही.

"तुम्ही साच्यातून काढल्यासारखा उलटलात," ती म्हणाली.

खरंच की हो! जन्म साच्यांत गेला. साचा भरायचा, सुकला की उलटायचा, मूर्ती काढायची. हाताने कागद काचेवरून काढला आणि सवयीने उलटला. डोक्याला विचारलंच नाही! खाडी कुठेही गेली नव्हती. आणि मामांचा मावळतीचा तुकडा? जुन्या नकाशात तो चक्क मिठागर होता!

मामांपुढे जाऊन मी कान धरले. पांडूतात्या बाजूला होतेच.

"मी तवाच बोललो हुतो," ते म्हणाले, "चिंबोरी मावळतीला चावली!"

मामांनी विटा परत उगवतीला नेल्या. वाहून द्यायला मीही होतो, हे काय सांगायला हवं? पुढच्या पावसाळ्याआधी घर उभं राहिलं. नव्या घरातला पहिला गणपती घ्यायला मामा स्वतः कारखान्यात आले. सगळ्या मूर्ती बघितल्या, एक पसंत केली. डाव्या सोंडेची, सुंदर. मी ती कौतुकाने उचलायला गेलो.

"थांब!" मामा ओरडले. सगळा कारखाना थांबला. "तू हात लावू नको. पोरीला उचलू दे. तू उचललास तर घरी जाईस्तोवर सोंड उजवीकडं व्हायची!"

सगळे पोट धरून हसले. मी पण हसलो. आणि मामांची पाठ वळल्यावर, तुम्हाला म्हणून सांगतो, सोंड डावीकडेच आहे ना ते पुन्हा एकदा बघून घेतलं.