दफेदारांची उंच सायकल

विश्वासराव धुमाळ पाच फूट दोन इंच उंचीचे होते. ग्वाल्हेरच्या रिसाल्यात सतरा वर्षं हे कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही, कारण ते घोड्यावर असत. मग संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, फौजेची छाटणी झाली आणि विश्वासरावांना घोड्यावरून कायमचं उतरवलं गेलं. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते त्यानंतर. मी लसीकरणाच्या ऑफिसात कारकून होतो. रिसाल्यातला एक दफेदार आपल्याकडे देवी काढायच्या कामावर येतोय एवढं कळलं होतं. मी दाराकडे बघत कुणा धिप्पाड गड्याची वाट पाहत होतो, तोच टेबलाच्या पलीकडून आवाज आला, "पंत, हुकूम कुणाकडे द्यायचा?" मिशा दिसल्या. बाकीचा माणूस फायलींच्या आड होता.

हा किस्सा मी पुढे चारचौघांत किती वेळा रंगवून सांगितला, त्याची गणती नाही. तेव्हा माझी जीभ फार वळवळत असे. लोक हसले की मला स्फुरण चढे. आता वय झालंय, हसणारे बरेचसे गेलेत, आणि तो किस्सा आठवला की माझं मलाच तोंड लपवावंसं वाटतं.

विश्वासरावांचं काम हिवाळ्यातलं. दिवाळी झाली की लसीच्या नळ्यांची पेटी घ्यायची आणि होळीपर्यंत गावोगाव फिरून पोरांचे दंड टोचायचे. गावं आमच्या वाट्याला आली होती डोंगरातली, शहराच्या नैर्ऋत्येची, जिथं रस्ता म्हणजे खदानीच्या बैलगाड्यांनी पाडलेली दगडांतली चाकोरी. खात्यानं त्यांना दिलेली सायकल होती बुटकी, सव्वीस इंची चाकांची. विश्वासरावांच्या मापाची होती. सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकत. पण ते चाक प्रत्येक खड्ड्यात शिरायचं आणि प्रत्येक दगडावर आपटायचं. लसीच्या नळ्या काचेच्या, काडीसारख्या बारीक. दहा घेऊन निघाले तर गावात पोचेपर्यंत तीन फुटलेल्या. मग तेवढी पोरं तशीच राहायची. संध्याकाळी विश्वासराव फुटक्या काचा कागदात बांधून माझ्या टेबलावर ठेवत आणि गुन्हा केल्यासारखे उभे राहत. मी म्हणायचो, "दफेदार, घोडा बरा होता." ते हसायचे. त्यांना बुरं वाटत होतं, हे मला कळायला हवं होतं.

छप्पन्न सालच्या नोव्हेंबरात मध्य प्रदेश झाला. आमचे वरचे साहेब भोपाळला गेले, कपाटं गेली, निम्मी दफ्तरं गेली, गावांच्या याद्याही नव्यानं करायच्या म्हणून गेल्या. मागं राहिली साहेबांची सायकल. साहेब सहा फुटी, सायकलही तशीच. अठ्ठावीस इंची चाकं, उंच फ्रेम, पुढच्या चिमट्याला दोन्ही बाजूंनी स्प्रिंगा, सीटखाली मनगटाएवढ्या जाड स्प्रिंगा. ती विश्वासरावांना द्यायची कल्पना माझी. मनापासून सांगायचं तर त्यात निम्मा विचार नळ्यांचा होता आणि निम्मा गमतीचा. त्या उंच सायकलवर हे कसे दिसतील, हे मला बघायचं होतं.

विश्वासरावांनी मात्र ती गोष्ट गंभीरपणे घेतली. टोपी बाजाराच्या मागं एक मिस्त्री बसत असे, त्याच्याकडून त्यांनी मागच्या कॅरियरलाही चार स्प्रिंगा बसवून घेतल्या आणि त्यावर नळ्यांची पेटी उभी बांधली. पहिल्या दिवशी डोंगरातून परत आले ते ओरडतच. "पंत! दहाच्या दहा! एकपण नाही टुटली!" मग बराच वेळ ते त्या सायकलचं कौतुक करत राहिले. मोठं चाक खड्ड्यात पडतच नाही, वरून निघून जातं. दगड आला की पुढच्या स्प्रिंगा आधी दबतात, मग सीटच्या, मग पेटी हळूच डोलते. उतारावर सोडली की दुलकी चालते, एकदम बढिया, लगाम सैल सोडला तरी चालेल. आठ वर्षांत त्यांना एवढं बोलताना मी ऐकलं नव्हतं. डोंगरातल्या त्या वाटेवर त्या माणसाला त्याचा घोडा परत मिळाला होता.

अडचण एकच होती, आणि ती ते कुणाला सांगत नव्हते. सीटवर बसल्यावर त्यांचे पाय जमिनीपासून वीतभर वर राहत. उंच सायकलवरून उतरणारी माणसं मागून पाय फिरवून उतरतात, पण यांच्या मागं पेटी. पुढून उतरायला दांडी आड. तेव्हा त्यांनी आपली एक रीत बसवली होती. एखादा मोठा दगड, ओटा, विहिरीचा कठडा बघायचा, त्याच्या कडेला सायकल न्यायची, डावा पाय त्यावर टेकायचा आणि मग शांतपणे उतरायचं. बघणाऱ्याला वाटावं, दफेदार रुबाबात उतरले. प्रत्येक गावातला असा दगड त्यांच्या डोक्यात पक्का होता.

डिसेंबरात एका गावात तो दगड कुणीतरी हलवला होता. विश्वासराव चौपालीसमोर आले, पाय टेकायला गेले आणि सायकलसकट आडवे झाले. फेटा एकीकडे, पेटी एकीकडे. नळ्या वाचल्या. पण चौपालीवर सगळं गाव बसलं होतं आणि त्यातला एक म्हातारा म्हणाला, "अरे, दफेदार साब घोड़े से गिर पड़े!" गाव हसलं. ही बातमी दुसऱ्या दिवशी एका दूधवाल्याकडून माझ्याकडे आली, आणि मी तिचं सोनं केलं. ऑफिसात चहाच्या वेळी मी स्टुलावर चढून बसायचो, मिशीला पीळ द्यायचो, पायांनी हवेत चाचपडायचो आणि फायलींवर आडवा व्हायचो. नक्कल चांगली वठायची. विश्वासराव दौऱ्यावर असतानाच मी ती करत असे, तेवढी सभ्यता माझ्यात होती, असं मी तेव्हा समजत होतो.

फेब्रुवारीच्या शेवटी डोंगरातल्या पत्थरपुऱ्यात देवी आल्या. पत्थरपुरा म्हणजे खदानीवर दगड फोडणाऱ्यांची वीसेक झोपड्यांची वस्ती. चार पोरांना आल्या. तिघं वाचली, तोंडावर वण घेऊन. चौथी दोन वर्षांची मुलगी, तीही वाचली, पण तिचे दोन्ही डोळे गेले.

एप्रिलात भोपाळहून कागद आला, ही वस्ती लसीकरणातून का राहिली, याचा खुलासा करावा. मी खुलासा लिहिला. सदर वस्ती जुन्या मध्य भारताच्या यादीत गाव म्हणून दाखल नव्हती, नवीन यादी अद्याप प्राप्त झालेली नाही, सबब संबंधित कर्मचाऱ्याकडे कसूर दिसून येत नाही. यातला शब्द न् शब्द खरा होता. असा बिनतोड मसुदा लिहिला की मला फार बरं वाटायचं. मी तो विश्वासरावांपुढे सहीला सरकवला.

त्यांनी वाचला. दोनदा वाचला. मग म्हणाले, "पंत, यादी खरी आहे. पण ती बाई उभी होती."

"कोण बाई?"

"पत्थरपुऱ्यातली. डिसेंबरात. मी पुढच्या गावाला चाललो होतो. ती वाटेवर पोरीला काखेत घेऊन उभी होती. टीकेवाले साब, रुको, रुको, म्हणून हाका मारत होती."

यादीत नाव असो नसो, वाटेत कुणी पोर पुढं केलं की टोचायचं, हा खात्यातला जुना शिरस्ता होता. विश्वासरावांनी तो कधी मोडला नव्हता. मी विचारलं, "मग थांबला का नाहीत?"

"दगड नव्हता."

मला काही कळेना.

"उतरायला दगड नव्हता, पंत. सपाट जागा. आणि समोर खदानीचे वीस-पंचवीस लोक रोटी खात बसलेले. आदल्याच आठवड्यात मी चौपालीवर पडलो होतो. म्हटलं, परत पडलो तर हे सगळे हसतील. मी ऐकलंच नाही असं केलं. सरळ बघत पायडल मारत गेलो. म्हटलं, लौटताना उतरू. लौटताना दुसऱ्याच, उताराच्या वाटेनं आलो." मग खाली बघत म्हणाले, "तुम्ही स्टुलावर चढून जे करता, तेपण मला ठाऊक होतं. ते डोळ्यासमोर आलं."

माझे कान तापले. एवढा शरमिंदा मी आयुष्यात झालो नव्हतो. अशा वेळी शहाण्या माणसानं गप्प तरी बसावं, किंवा माफी तरी मागावी. मी दौत पुढं केली आणि म्हणालो, "खुलाशात याद्यांचं लिहायचंय, दगडांचं नाही. सही करा."

त्यांनी केली. पण जाताना म्हणाले, "येत्या रविवारी मी तिथं जाणार. तुम्ही चला. एकटा गेलो तर मधूनच परत येईन."

मला जायचं नव्हतं, पण नाही म्हणायला तोंड नव्हतं. रविवारी सकाळी ग्वाल्हेरातल्या थाटीपुरहून निघालो, मी माझ्या सायकलवर, ते त्यांच्या. शहर सुटलं आणि दगडी वाट लागली तसा मी मागं पडत गेलो. माझं चाक दर दहा हातांवर अडत होतं, हाडं खिळखिळी होत होती, आणि पुढं ते उंच चाक लाटांवरून गेल्यासारखं दगडांवरून चाललं होतं. त्या सायकलवर ते इतके सुंदर बसत होते. मी हे आधी कधी पाहिलंच नव्हतं. मी नक्कल केली ती नुसती ऐकीव गोष्टीची.

वस्तीच्या अलीकडे विश्वासरावांनी ब्रेक दाबले आणि सपाट जागेत, दगड न शोधता, सरळ एका अंगावर पडल्यासारखे उतरले. गुडघा फुटला. धूळ झटकली आणि चालू लागले.

त्या बाईचं नाव कुसमा. बावीस-तेवीसची असेल. नवरा खदानीवर गेला होता. दारात सासू बसली होती. तिनं आम्हाला बघून तोंड फिरवलं. खाटेवर ती मुलगी बसली होती. डोळ्यांच्या जागी पांढरट पडदा, मान आवाजाच्या दिशेनं वळलेली. कुसमाच्या कडेवर दुसरं तान्हं होतं. विश्वासराव हात जोडून उभे राहिले. मी दोन पावलं मागं. त्यांनी वाटभर काय म्हणायचं ते जुळवलं असणार, कारण ओठ हलत होते.

पण कुसमाच आधी बोलली. "साब, आप उस दिन निकले थे न, बड़ी साइकिल पे? मैं बहुत चिल्लाई।" आणि मग, त्यांनाच दिलासा देत असल्यासारखी, "हवा उलटी थी। आपने सुना नहीं होगा।"

मी विश्वासरावांच्या पाठीकडे बघत होतो. ती पाठ रिसाल्यातली, ताठ. तान्हं रडायला लागलं.

"हां," विश्वासराव म्हणाले. "नहीं सुना।"

कुसमाचा चेहरा उजळला. ती सासूकडे वळली. "देखो अम्मा, मैं कहती थी न? सब कहते रहे कि जान के नहीं रुके। सुनते तो रुकते।"

सासू उठली, आत गेली आणि दोन लोटे पाणी घेऊन आली. आम्ही प्यायलो. विश्वासरावांनी पेटीतली नळी फोडून तान्ह्याच्या दंडावर देवी काढल्या. मग आम्ही सायकली हातात धरून निघालो.

वळण आलं, वस्ती नजरेआड झाली आणि ते थांबले. "पंत, मी परत जातो," म्हणाले. "मी झूठ बोललो. ती सगळ्या वस्तीशी माझ्यासाठी भांडली. तिला खरं सांगून येतो. मग मारू दे, थुंकू दे, काय करायचं ते करू दे." त्यांनी सायकल फिरवली. त्यांच्या चेहऱ्यावर मोकळं वाटल्यासारखं काहीतरी होतं.

मी हँडल धरलं.

"कशाला जाता?" मी म्हणालो. "पोरीचे डोळे परत येणार आहेत का? त्या बाईला तेवढाच एक विश्वास उरलाय, तोही काढून घेणार? तुम्हाला हलकं वाटावं म्हणून तिला जड करू नका." मी छान बोललो. मला नेहमीच छान बोलता यायचं. खरी गोष्ट अशी होती की ते बोलले असते तर खदानीवर बोभाटा झाला असता, भोपाळहून दुसरा कागद आला असता, माझा बिनतोड खुलासा उघडा पडला असता आणि दगड का लागला, हसू कुणाचं, नक्कल कुणाची, हे सगळं बाहेर आलं असतं. मी त्या बाईचा विचार करत नव्हतो. माझा करत होतो. आणि ते 'नहीं सुना' म्हणाले तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हेही इथं लिहून टाकतो.

विश्वासराव माझ्या मुठीकडे बघत राहिले. त्यांनी जोर केला असता तर मी धरून ठेवू शकलो नसतो. दांडगे घोडे आवरलेले हात होते ते. पण त्यांच्या डोळ्यांतलं ते मोकळेपण हळूहळू गेलं आणि त्यांनी सायकल पुन्हा शहराच्या दिशेला वळवली.

"बरोबर असेल तुमचं, पंत," ते म्हणाले. "तुम्ही शिकलेले." आणि माझ्या मागून चालू लागले.