डोरीनच्या घराचा उतार

चौतीस वर्षांची होईपर्यंत रूपाली मेश्राम कुठल्याच गाडीच्या स्टिअरिंगमागे बसली नव्हती. नागपूरला नर्सिंग कॉलेजला ती शेअर ऑटोने जायची आणि नॉटिंगहॅमला हॉस्पिटलात नोकरी लागल्यावर ट्रॅमने. भावाने एकदा तिला स्कूटी शिकवायला घेतली होती. तिने ती घराजवळच्या नालीत घातली आणि तो विषय तिथेच संपला.

गाडी शिकायची वेळ आली ती कोविडनंतर. त्या दिवसांत तिच्या वॉर्डात माणसं एकेकटी गेली. बायका-मुलांनी टॅबलेटच्या पडद्यावरून निरोप घेतला आणि तो टॅबलेट धरून उभी राहायची रूपाली. पुढे तिने ठरवलं, की जी माणसं घरी, आपल्या माणसांत मरायचं म्हणतात त्यांच्याकडे जायचं. कम्युनिटी नर्सची जागा डर्बीशायरच्या टेकड्यांत निघाली, आणि पहिली अट होती ड्रायव्हिंग लायसन्सची. टेस्टमध्ये ती तीनदा नापास झाली. चौथ्यांदा पास झाली तेव्हा आनंदापेक्षा तिला धडकीच जास्त भरली, कारण आता शेजारी शिकवणारा कुणी नसणार होता.

तिच्या नवऱ्याने, राजेंद्रने, तिच्यासाठी एक सेकंडहँड एसयूव्ही घेतली. उंच, जड, चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारी. आता बर्फ पडला तरी घाबरायचं कारण नाही, असं तो म्हणाला आणि तिने ते मनापासून मानलं. टायरचा विषय एकदाच निघाला होता. एमओटीच्या, म्हणजे गाडीच्या वार्षिक तपासणीच्या वेळी गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, की टायर उन्हाळी आहेत, नक्षी अजून चांगली आहे. दोघांनी नक्षी चांगली आहे एवढंच ऐकलं.

जानेवारीत एका सकाळी हवामान खात्याने बर्फाची यलो वॉर्निंग, म्हणजे सावधतेचा इशारा दिला होता. मॅटलॉक गावाच्या वर एका टेकडीवर ब्रायन नावाचे म्हातारे गृहस्थ शेवटच्या आजारात पडून होते. वेदना थांबवणारं औषध त्यांना एका छोट्या पंपातून सतत मिळत असे आणि तो पंप रोज नव्याने भरावा लागे. कुणी गेलं नाही तर दुपारनंतर पंप रिकामा होणार होता. रूपाली जायला तयार झाली. तिच्याबरोबर टीममधली पूर्वी नावाची नवी नर्स होती. पूर्वी लंडनच्या एजवेअरला जन्मलेली आणि वाढलेली, तिचं मराठी घरात बोलण्यापुरतं. तिची स्वतःची छोटी गाडी त्या सकाळी गल्लीतूनच बाहेर निघेना, म्हणून ती रूपालीच्या गाडीत बसली.

चढण सुरू झाली. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लुकलुकायला लागला. त्यावर घसरणाऱ्या गाडीचं चित्र होतं. तिने विचारलं तेव्हा पूर्वी म्हणाली, की ते ट्रॅक्शन कंट्रोल आहे. चाक जागच्या जागी फिरायला लागलं की गाडी स्वतःच त्याला आवरते. दिवा लागला म्हणजे काम चालू आहे, घाबरू नकोस.

आणि खरंच, गाडी वर चढली. थोडी डगमगत, पण न थांबता. वर पोचल्यावर रूपालीला पहिल्यांदाच वाटलं, की आपल्याला हे जमतंय.

ब्रायनची बायको डोरीन दारातच उभी होती. ती रूपालीला 'डक' म्हणायची, त्या भागात प्रेमाने सगळ्यांना तसंच म्हणतात. दोघींनी पंप भरला, ब्रायनना कूस बदलून दिली, त्यांच्या कोरड्या ओठांवर ओला स्पंज फिरवला. तोवर बाहेर बर्फ वाढला होता. डोरीन म्हणाली, की इथेच राहा, वरची खोली रिकामी आहे. रूपालीलाही तेच हवं होतं. पण खाली गावात अजून एक पेशंट वाट पाहत होत्या, आणि जी गाडी चढली ती उतरेलच, असं पूर्वीचं म्हणणं पडलं.

अंगणातून निघतानाच गाडी अडकली. ॲक्सिलरेटर दाबला, की इंजिन क्षणभर गुरगुरे आणि मलूल होई. खोल बर्फात ट्रॅक्शन कंट्रोल ताकदच कापून टाकत होतं. पूर्वीने फोनवर शोधून ते बंद करायचं बटण दाबायला लावलं. ते बंद केल्यावर चाकं फिरली, बर्फ उडाला, गाडी मागे-पुढे डोलत बाहेर आली. रूपालीने लगेच ते परत चालू केलं.

घरापासूनचा रस्ता अरुंद. डाव्या हाताला टेकडीचा बांध, उजवीकडे दगडांची कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे जुनी खाण. तळाशी रस्ता डावीकडे वळतो. रूपाली पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने उतरत होती. मध्यावर उतार तीव्र झाला आणि गाडीने थोडा वेग घेतला. तिने ब्रेकवर पाय ठेवला.

पायाखाली पेडल थडथडलं. गाडी थांबली नाही.

तिने आणखी जोरात दाबलं. चाकं जाम होऊ नयेत म्हणून गाडी ब्रेक स्वतःच धरत-सोडत होती; थडथड वाढली, दिवा लुकलुकत राहिला, आणि ती जड गाडी बर्फावरून साबणाच्या वडीसारखी खाली सरकत राहिली. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं तरी गाडीचं नाक सरळ भिंतीकडेच. चारही चाकांची ताकद चढायला उपयोगी पडली होती. थांबायला जमिनीवर पकड लागते, आणि ती पकड थंडीने कडक झालेल्या त्या उन्हाळी रबरात नव्हती.

"ताई, गाडी थांबत नाहीये का?" पूर्वीने विचारलं. तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला होता.

रूपालीची नजर पुढे होती. वळणावर तिला एक बाई दिसली होती. लाल जॅकेट घातलेली, मागे दोरीने घसरगाडी ओढणारी. घसरगाडीवर एक मूल बसलेलं. रूपालीने हॉर्न दाबून धरला. बाईने वर पाहिलं आणि ती जागच्या जागी थिजली.

त्या क्षणी आपल्याला काहीही दिसेनासं झालं होतं, असं रूपाली नंतर सांगायची. भीतीने कान बंद झाले होते. फक्त एक गोष्ट डोक्यात होती, की पाय ब्रेकवर आहे तोवर गाडी वळणार नाही. कुणी शिकवलं होतं की शरीरालाच कळलं, तिला सांगता येत नाही. तिने पाय उचलला. ब्रेक सोडून उतारावर गाडी मोकळी करायची, यापेक्षा भयंकर गोष्ट तिने आयुष्यात केली नव्हती. क्षणभर वेग वाढला. मग चाकं फिरली, रबराने थोडं काहीतरी धरलं, आणि नाक डावीकडे वळलं. तिने गाडी सरळ बांधात घातली.

बर्फाचा ढीग काचेवर आला. पूर्वीच्या बाजूचा आरसा मोडला. गाडी तिरकी होऊन थांबली.

लाल जॅकेटवाली बाई आणि मूल काही पावलांवर होती. ती बाई मुलाला कडेवर घेऊन धावत आली आणि काचेतून विचारू लागली, की तुम्ही बऱ्या आहात ना. रूपालीला तिचे ओठ हलताना दिसत होते. इंजिन बंद करायला हवं हे कळत होतं, पण स्टिअरिंगवरचे हात सुटेनात. शेवटी पूर्वीने हात पुढे करून इंजिन बंद केलं आणि मग तिलाच रडू फुटलं. तिच्या बाजूचा दरवाजा बर्फात गाडला गेला होता. दोघी रूपालीच्या दारातून बाहेर आल्या. बाहेर पाय ठेवताच रूपाली घसरून पडली आणि तशीच बर्फात बसून राहिली.

गावातल्या पेशंटकडे टीममधली दुसरी नर्स चालत गेली. या दोघी चढण चढून परत डोरीनकडे गेल्या. राजेंद्रचा फोन आला तेव्हा रूपालीने त्याला फक्त आपण सुखरूप असल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "तुला घाबरायचं कारण नाही असं मीच सांगितलं होतं." ती म्हणाली, "मला ते ऐकायचंच होतं, म्हणून मी ऐकलं."

संध्याकाळी ब्रायनचा श्वास बदलला. ते अस्वस्थ झाले, चादर ओढू लागले. रूपालीने डॉक्टरांना फोन लावून विचारलं आणि ठरलेलं जादा इंजेक्शन दिलं. तिने मनगट गादीवर टेकवून स्थिर केलं आणि मग सुई दिली. ब्रायन हळूहळू शांत झाले. डोरीन त्यांच्या उशाशी बसून त्यांच्या केसांतून हात फिरवत राहिली. ब्रायन पुढच्या आठवड्यात गेले, आपल्या पलंगावर, डोरीन शेजारी असताना.

रूपालीला मात्र त्यानंतर गाडी चालवता येईना. चावी हातात घेतली की पायाखाली ती थडथड सुरू व्हायची. मॅनेजरने काही दिवस तिला क्लिनिकमध्ये बसवलं. कोरड्या रस्त्यावरही राजेंद्र गाडी चालवत असला, की ती उजव्या पायाने नसलेला ब्रेक दाबत बसायची. त्याने गाडीला बर्फात चालणारे, थंडीत मऊ राहणारे टायर बसवून घेतले आणि तिला ते दाखवायला बाहेर बोलावलं. तिने टायरवरचं डोंगराचं आणि हिमकणाचं चिन्ह बोटाने चाचपलं, आणि म्हणाली की बसवलेस ते बरं केलंस, पण मी चालवणार नाही.

पुढचा बर्फ पडला तेव्हा पूर्वी तिला घेऊन एका सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये गेली. तिथे रूपालीने गाडी थोडी पळवली आणि ब्रेक दाबला. पुन्हा पळवली, पुन्हा दाबला. गाडी घसरत होती, पण थांबत होती. किती अंतरात थांबते हे तिने खाली उतरून चाकांच्या खुणांवरून चालत पाहिलं. पहिल्या काही वेळा ती रडत होती, पण तिने सराव थांबवला नाही. पूर्वी शेजारी चहाचा फ्लास्क धरून बसली होती.

फेब्रुवारीअखेर टेकडीवरच्याच एका वस्तीतून नव्या पेशंटसाठी बोलावणं आलं. सकाळीच बर्फ पडून गेला होता. रूपालीने नाही म्हटलं असतं तर कुणी तिला बोल लावला नसता. ती गेली. उतरताना पहिला गिअर, ब्रेकवर हलका पाय, आणि मागे तीन-चार गाड्यांची रांग. त्यातल्या एकाने हॉर्न वाजवला. पण तिने वेग वाढवला नाही. तळाला पोचल्यावर तिने गाडी कडेला घेतली, मागच्यांना पुढे जाऊ दिलं, आणि पाय थरथरायचे थांबेपर्यंत तिथेच बसून राहिली. मग पुढच्या पेशंटकडे निघाली.